बंडखोर कोण ठरतो? 'रेबेलिस' या लॅटिन शब्दापासून साखरखेर्ड्यापर्यंत

सिनॉप्सिसच्या शीर्षकात 'बंड', 'उठाव', 'लढा' यांपैकी एक शब्द टाकताना आपण फारसा विचार करत नाही. जो कानाला बरा वाटतो तो टाकतो. मग संशोधन समितीसमोर उभं राहिलं की एखादे जुने प्राध्यापक चष्मा पुसत विचारतात, "बंड कोणाविरुद्ध?" आपण म्हणतो, इंग्रजांविरुद्ध. त्यावर पुढचा प्रश्न : "मग हे लोक इंग्रजांचे प्रजाजन कधी झाले होते?" इथे बऱ्याच जणांची गाडी अडकते. प्रश्न तिरकस वाटतो, पण तो अगदी मुद्द्याचा आहे, आणि त्याचं मूळ एका लॅटिन शब्दाच्या व्याकरणात सापडतं. पेटच्या किंवा सेटच्या पेपरात हे येणार नाही, आधीच सांगून ठेवतो. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मात्र नक्की लागेल.

शब्द आहे 'रेबेलिस'. इंग्रजीतला 'रेबेल', फ्रेंच 'रेबेल', पोर्तुगीज 'रेबेल्दे' हे सगळे त्याचेच वंशज. फोड सोपी आहे : 'रे' हा उपसर्ग आणि 'बेलुम' म्हणजे युद्ध. 'रे'चा अर्थ 'परत', आणि मराठीतल्या 'परत'सारखाच तो दुहेरी आहे : 'पुन्हा' हाही अर्थ, 'उलट, मागे' हाही. तेव्हा रेबेलिस म्हणजे पुन्हा युद्धाला उभा राहिलेला, उलटलेला. आपल्याकडे 'तो मालकावर उलटला' म्हणतात ना, त्याच्या बराच जवळ.

आता व्याकरण बघू, कारण खरी गोष्ट तिथे आहे. 'बेलुम' हे नपुंसकलिंगी नाम, दुसऱ्या गणातलं. पण त्याला उपसर्ग लागून विशेषण झालं की ते तिसऱ्या गणात जातं आणि शेवटी 'इ' येतो : पुल्लिंगी-स्त्रीलिंगी 'रेबेलिस', नपुंसकलिंगी 'रेबेले'. लॅटिनमध्ये अशी आणखी विशेषणं आहेत. 'आर्मा' म्हणजे शस्त्रं, त्यावरून 'इनेर्मिस', निःशस्त्र. 'बार्बा' म्हणजे दाढी, त्यावरून 'इंबेर्बिस', दाढी न फुटलेला. आणि 'बेलुम'वरूनच 'इंबेलिस', युद्धाचा वकूब नसलेला. ज्यांनी संस्कृत घेतलं होतं त्यांना हे ओळखीचं वाटेल. हा सरळसरळ बहुव्रीही समास आहे. 'गंध'चं बहुव्रीहीत 'सुगंधि' होतं, तिथेही 'अ'चा 'इ' होतो. पाणिनीने त्यासाठी वेगळा नियम दिला आहे.

बहुव्रीही म्हटल्यावर विग्रह आला : 'ज्याचं युद्ध पुन्हा सुरू झालं आहे तो'. या विग्रहातला 'पुन्हा' काढून बघा. उरतो फक्त 'युद्ध करणारा', म्हणजे शत्रू. आणि शत्रूसाठी लॅटिनकडे वेगळे शब्द होतेच. 'होस्टिस' हा नेहमीचा, आणि त्याहून जुना 'पेर्दुएलिस'. (या दुसऱ्या शब्दात 'दुएलुम' दिसतं, ते 'बेलुम'चंच जुनं रूप.) मग रेबेलिस हा वेगळा शब्द कशाला लागला? कारण त्यात एक मागची गोष्ट गृहीत आहे. आधी युद्ध झालं, ते संपलं, समोरचा शरण आला, आणि आता त्याने पुन्हा शस्त्र उचललं. जो कधी शरण आलाच नाही त्याला रोमन माणसाने नीट लॅटिनमध्ये रेबेलिस म्हणायला नको.

याचा उत्तम नमुना सीझरच्या गॅलिक युद्धावरच्या ग्रंथात मिळतो. इ.स.पू. ५६मध्ये आजच्या फ्रान्सच्या वायव्य किनाऱ्यावरच्या वेनेती लोकांशी त्याला लढायचं होतं. युद्ध का करावं लागलं याची कारणं देताना तो आवर्जून सांगतो की यांनी शरणागतीनंतर पुन्हा युद्ध उभारलं, ओलीस दिल्यानंतर साथ सोडली. तिथे त्याने वापरलेलं नाम आहे 'रेबेलिओ', आणि त्याला जोडून शरणागतीसाठी 'देदितिओ'. हे दोन शब्द जोडीने येतात हे लक्षात ठेवा. वेनेतींना स्वतःला आपण रोमचे अंकित झालो होतो असं कितपत वाटत होतं, ते कळायला मार्ग नाही, कारण त्यांचं लिखाण आपल्यापर्यंत आलेलं नाही. शरणागतीचा दाखला द्यायचं काम जिंकणाऱ्याने केलं, आणि लॅटिनमध्ये केलं.

आता मराठीकडे. 'बंड' हे नपुंसकलिंगी नाम. ते होतं, केलं जातं, उभारलं जातं, पुकारलं जातं. आणि शेवटी ते मोडतात किंवा शमवतात. 'बंड जिंकलं' असं आपण म्हणत नाही. 'बंड यशस्वी झालं' हेही जरा ओढून आणल्यासारखं वाटतं, कारण यशस्वी झालं की लोक त्याला दुसरं काहीतरी म्हणायला लागतात.

'बंडखोर'मधला 'खोर' फारसी आहे, 'खुर्दन' म्हणजे खाणे या क्रियापदावरून आलेला. लाचखोर लाच खातो, तिथे मूळ अर्थ अजून जिवंत आहे. भांडखोर मात्र भांडण खात नाही, त्याला भांडणाची सवय असते. म्हणजे हा प्रत्यय घटनेचा स्वभाव करतो. बंड ही एक घटना. बंडखोर हा माणसाचा पिंड. लॅटिन रेबेलिसमध्ये माणसाचं कोणाशी काय नातं होतं ते कळतं, मराठी बंडखोरमध्ये त्याची खोड कळते. ही बारीक गोष्ट वाटेल, पण १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं तेव्हा घटनेचा स्वभाव करण्याचं काम सरकारी पातळीवर झालं. त्या काळातले मराठी अनुवाद किंवा वृत्तपत्रं वाचताना 'बंडवाले' कुठे येतं आणि 'बंडखोर' कुठे, हे वेगळं नोंदवत जा.

तरी रेबेलिसचा जुना अर्थ मराठीत अगदीच हरवलेला नाही. तो दर निवडणुकीत भेटतो. पक्षाचं तिकीट नाकारलं म्हणून अर्ज भरणारा 'बंडखोर', आणि कोणत्याच पक्षात नव्हता तो 'अपक्ष'. समोरच्या पक्षाचा उमेदवार कितीही शिव्या देऊ दे, त्याला कोणी बंडखोर म्हणत नाही. बंडखोर व्हायला आधी पक्षात असावं लागतं. अर्ज मागे घेण्याच्या दिवशी पेपरवाले 'बंडोबांचे थंडोबा' असा मथळा देतात, त्यातसुद्धा सीझरचंच व्याकरण आहे : देदितिओ, रेबेलिओ, आणि परत देदितिओ.

फारसी-अरबीतून आलेले बाकीचे शब्द पटकन सांगतो. 'गदर'चा अरबी मूळ अर्थ दगा, दिलेला शब्द मोडणे. म्हणजे इथेही आधीचा करार गृहीत आहे. 'बागी'च्या मागचा धातू मर्यादा ओलांडण्याचा. 'फितूर'चा अरबी मूळ अर्थ शिथिलता, ढिलेपणा. मराठीत त्याला कारस्थानाचा रंग चढला. 'गदर'चं पुढे भलतंच झालं. १९१३मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या क्रांतिकारकांच्या संघटनेने हाच शब्द आपलं नाव म्हणून अभिमानाने घेतला. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत आपल्या विदर्भातले, वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते. शिवी म्हणून आलेला शब्द असा उलटवता येतो, म्हणून शब्दासोबत साल लिहिणं भाग असतं.

आता मुख्य उदाहरण, आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं. मलकापूरहून घाट चढून बुलढाणा, चिखली करत दक्षिणेला गेलं की सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा लागतं. इथे ऑक्टोबर १७२४मध्ये एक लढाई झाली. एका बाजूला निजामुल्मुल्क, दुसऱ्या बाजूला हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान. निजाम १७२२पासून दिल्लीत वजीर होता, पण बादशहा मुहम्मदशहा आणि त्याच्या भोवतालच्या लोकांशी त्याचं जमेना, म्हणून तो दिल्ली सोडून दक्षिणेत निघून आला. दरबाराने मुबारिजखानाला आतून कळवलं की दख्खनचा कारभार तू घे आणि याला हटव. निजामाला बाजीराव पेशव्यांची मदत होती. लढाईत मुबारिजखान मारला गेला. निजामाने गावाचं नाव फतेहखेर्डा केलं.

आणि मग त्याने काय करावं? मुबारिजखानाचं शीर बादशहाकडे पाठवलं आणि सोबत अभिनंदन केलं : बंड मोडलं आहे!

जरा थांबून ही चाल बघा. बादशहाच्या हुकमावरून लढायला आलेल्या माणसाला बादशहाचाच बंडखोर ठरवून त्याचं डोकं बादशहाला नजर केलं. बादशहाला काही बोलता येईना, कारण त्याने हुकूम उघडपणे दिलेलाच नव्हता. 'तो माझा माणूस होता' म्हणावं तर आपण आपल्याच माजी वजिरावर मारेकरी घातला हे कबूल करावं लागतं. गप्प बसावं तर मुबारिजखान बंडखोर ठरतो. तो गप्प बसला. पुढच्या वर्षी, १७२५मध्ये, निजामाला 'आसफजाह' हा किताब मिळाला, आणि हैदराबादच्या आसफजाही घराण्याला त्याच किताबाचं नाव लागलं.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी निजामाच्या धूर्तपणाचा किस्सा म्हणून सांगतात. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८४१मध्ये छापलेल्या हिंदुस्थानच्या इतिहासात तो असाच उपरोधाने येतो. तो उपरोध एल्फिन्स्टनचा, हे विसरू नका. निजामाच्या बाजूने कायद्याचा मुद्दा अगदीच नव्हता असं नाही. हैदराबाद हा दख्खनच्या सहा सुभ्यांपैकी एक. दख्खनचा मुख्य सुभेदार हा हैदराबादच्या सुभेदाराच्या वरचा. गुप्त हुकूम बाजूला ठेवला, तर वरिष्ठावर चालून आलेला कनिष्ठ म्हणजे मुबारिजखानच. हुकूम धरला, तर नेमणूक गेलेली असूनही जागा न सोडणारा म्हणजे निजाम. दोघांच्याही बाबतीत 'आधी कोणाच्या अंकित होता' याचं उत्तर एकच आहे : बादशहाच्या. तरी बंडखोर एकच ठरला, आणि तो लढाई संपल्यावर ठरला. माझं मत विचाराल तर साखरखेर्ड्याबद्दल 'निजामाचं बंड' किंवा 'मुबारिजखानाचं बंड' यांपैकी कोणतंही शीर्षक देणं म्हणजे दोनपैकी एका पक्षाचं वकीलपत्र घेणं आहे. 'साखरखेर्ड्याची लढाई' म्हणा, आणि कोणी कोणाला काय म्हटलं ते आत लिहा.

याच कसोटीवर शिवकाल घासून बघा. जून १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले, बारा स्वतःकडे ठेवले. १६७०मध्ये त्यांनी पुन्हा मोहीम उघडली आणि गेलेले किल्ले भराभर परत घेतले. मोगल कागदांचा लेखक या घटनेकडे सीझरच्याच नजरेने बघतो : शरण आला होता, उलटला. मराठी बाजूने तो तह म्हणजे वेळ काढण्यासाठी घेतलेली माघार. घटना एक, साल एक, पण 'तह' या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंना वेगळा. आणि म्हणूनच १६७४च्या राज्याभिषेकाकडे केवळ समारंभ म्हणून बघून चालत नाही. अभिषिक्त, छत्रपती, स्वतःचा शक चालवणारा राजा कोणाचा जहागीरदार किंवा मनसबदाराचा बाप राहत नाही. तो लढला तर ते दोन राजांमधलं युद्ध. 'रेबेलिस'मधला उपसर्गच काढून टाकला, उरलं 'बेलुम'. राज्याभिषेकावर लिहिणाऱ्यांनी विधी, खर्च, गागाभट्ट यांवर भरपूर लिहिलं आहे. या शाब्दिक-कायदेशीर बाजूवर काम करायला अजून बरीच जागा आहे, कोणाला विषय हवा असेल तर.

१८५७वर येऊ. या एका घटनेला मराठीत किती नावं आहेत ते तुम्हाला माहीत आहे. गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये जे सांगितलं ते बंडाची हकीकत म्हणूनच ओळखलं गेलं, आणि त्यात त्यांना काही खटकण्यासारखं नव्हतं. सावरकरांनी 'स्वातंत्र्यसमर' म्हटलं. 'समर' म्हणजे युद्ध. पुन्हा तीच युक्ती, उपसर्ग काढायचा आणि युद्ध ठेवायचं. पाठ्यपुस्तकांनी 'उठाव' निवडला, ज्यात माणूस फक्त उठतो, तो आधी कोणाखाली होता हे शब्द सांगत नाही.

जानेवारी १८५८मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात बहादूरशहा जफरवर खटला सुरू झाला. आरोप असा की ब्रिटिश सरकारचा प्रजाजन असूनही त्याने राजनिष्ठा मोडली. इथे थांबून विचारा : बादशहा कंपनीचा प्रजाजन कधी झाला? कंपनीने बंगालची दिवाणी १७६५मध्ये मोगल बादशहाकडूनच घेतली होती. दिवाण हा बादशहाचा नोकर. कंपनीची नाणी १८३५पर्यंत शहा आलमच्या नावाने पडत होती. एफ. डब्ल्यू. बकलर या इतिहासकाराने १९२२मध्ये एका निबंधात सरळ मांडलं की १८५७मध्ये कायद्याने बघितलं तर बंडखोर होती ती कंपनी, कारण मालकावर उलटलेला नोकर ती होती. बकलरवर टीका पुष्कळ झाली. बादशहाची सत्ता इतकी कागदोपत्री उरली होती की तिच्यावर एवढा डोलारा उभा करू नये, असं म्हणता येतं. ती टीका मला बरीचशी पटते. पण निबंध वाचाच. 'बंड' शब्दाचा बाण उलटा फिरवला तर काय दिसतं, हे त्याने दाखवलं, आणि त्यासाठी नवीन कागद एकही शोधावा लागला नाही, जुनेच नीट वाचले.

आता हाच प्रश्न मलकापूरला लावू. १८५३च्या करारानं निजामाने वऱ्हाड कंपनीच्या कारभारात दिलं. कारभार दिला, मालकी निजामाचीच राहिली; म्हणून इंग्रजांनी या मुलखाला 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं लांबलचक नाव दिलं. निजामाची नाणी १८५७पर्यंत मोगल बादशहाच्या नावाने पडत होती. म्हणजे १८५७च्या उन्हाळ्यात मलकापूरचा शेतकरी सारा भरत होता कंपनीच्या अधिकाऱ्याकडे, मुलूख होता निजामाचा, आणि निजामाच्या रुपयावर नाव होतं बहादूरशहाचं. वऱ्हाड त्या वर्षी उत्तरेच्या मानाने शांत राहिलं. पण समजा इथे कोणी शस्त्र उचललं असतं आणि बादशहाच्या नावाने उचललं असतं, तर तो कोणाचा बंडखोर? कंपनीच्या फाइलीत एक उत्तर, हैदराबादच्या दप्तरात दुसरं, आणि रुपयावरचा मजकूर बघितला तर तो मुळात बंडखोरच नाही. तुमच्या भागातला कोणताही विषय घ्या, हे तीन थर आधी वहीत काढा : सारा कोणाला, मुलूख कोणाचा, नाणं कोणाचं. ते वेगवेगळे निघाले तर 'बंड' हा शब्द शीर्षकात टाकण्याआधी दोन पानं खर्च करावी लागतील.

कायद्याच्या कागदांवर काम करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. १८६०च्या भारतीय दंड संहितेतलं १२१ कलम सरकारविरुद्ध युद्ध करण्याबद्दल होतं. वासुदेव बळवंत फडके यांच्यावर १८७९मध्ये पुण्यात जो खटला चालला त्यात हाच युद्धाचा आरोप होता. जन्मठेप होऊन ते एडनला गेले आणि १८८३मध्ये तिथेच वारले. मजा बघा, वर्तमानपत्रांनी आणि लोकांनी त्याला 'फडक्यांचं बंड' म्हटलं, आणि सरकारी कलमाने त्याला 'युद्ध' म्हटलं. पण हे युद्ध फक्त प्रजाजनच करू शकतो असं कलम गृहीत धरत नाही, 'जो कोणी' असं म्हणतं. त्यामुळे तिथे निष्ठेचा दाखला शोधत बसायची सरकारला गरजच उरली नाही.

कामाला लागताना एवढं करा. टिपणाच्या प्रत्येक कार्डावर 'बंड'साठी मूळ कागदात असलेला शब्द त्याच भाषेत उतरवा, भाषांतर करून नको. शेजारी लिहिणाऱ्याचं नाव, त्याचा हुद्दा आणि तारीख. तारीख लढाईच्या आधीची की नंतरची हे वेगळ्या शाईने. चौथ्या रकान्यात 'शरणागतीचा पुरावा' असं लिहा, आणि तो सापडेपर्यंत रकाना कोरा ठेवा. शंभर कार्डं झाली की कोरे किती राहिले ते मोजा, आणि मग शीर्षकावर या.